लाल दिवा नेमका कितीला?

इंजिन अजून सुरूही झालेलं नसतं, तोवर समोरचा पडदा लाल होऊन कोकलायला लागतो: ऑइलचा दाब शून्य!

शून्य असणारच. बंद इंजिनातलं ऑइल खाली चेंबरमध्ये निवांत पसरलेलं असतं, दाब आणायचा कुठून? पण पडद्यामागच्या यंत्राला हे कोण सांगणार? त्याला एवढंच ठाऊक असतं की कारखान्यात बसून कुणीतरी २५ हा आकडा भरून ठेवलाय, आणि शून्य हे २५ पेक्षा कमी असतं. सात-आठ वर्षं गॅरेजात खपून विमान उभं केलेला माणूस मुकाट्याने ‘कळलं’चं बटण दाबतो. ते बटण तो पुढे किती वेळा दाबणार आहे याचा त्याला त्या दिवशी अंदाज नसतो.

हा माणूस बहुधा अमेरिकेत राहतो. घरच्या गॅरेजात विमान बांधणं हा तिथे कायदेशीर छंद आहे. १९५३ साली विस्कॉन्सिन राज्यात पॉल पोबेरेझनी यांनी अशा हौशी लोकांची एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन काढली आणि आता दरवर्षी जुलैच्या अखेरीस ऑशकॉशला तिची जत्रा भरते. सरकारची मुख्य अट अशी की विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा करमणुकीसाठी स्वतः केलेलं असावं. शिवाय आत शिरणाऱ्याला दिसेल अशा जागी किमान दोन इंच उंचीच्या अक्षरांत ‘एक्स्पेरिमेंटल’ असं लिहिलेलं असावं. म्हणजे पाहुण्याने आधी ती पाटी वाचायची, मग शांतपणे पट्टा बांधायचा. मराठी वाचकांना हे वेड अगदीच परकं नाही. कांदिवलीच्या चारकोपमध्ये कॅप्टन अमोल यादव यांनी इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०१७ साली त्याची सरकारदरबारी नोंदणीही झाली. ज्या गच्चीवर पापड वाळत घालायलाही सोसायटीची परवानगी लागते, तिथे विमान!

पण आपल्या या गॅरेजवाल्याला नुसतं विमान बांधून समाधान नसतं. त्याला त्यात रोटरी इंजिन बसवायचं असतं.

आपल्याकडे रोटरी म्हटलं की आधी क्लब आठवतो. रक्तदान शिबिर, वह्यावाटप, नव्या अध्यक्षांचा पदग्रहण समारंभ. विमानांच्या इतिहासातही एक वेगळी रोटरी होऊन गेली आहे. पहिल्या महायुद्धातल्या सॉपविथ कॅमलसारख्या विमानांत सिलिंडरांसकट अख्खं इंजिनच पंख्याबरोबर गरगरत असे. त्यात वंगण म्हणून एरंडेल घालत आणि ते धुरासोबत वैमानिकाच्या तोंडावर येई. पुढचा परिणाम आजीच्या हातून घेतलेल्या एरंडेलासारखाच होई, असं सांगतात. आपल्या गोष्टीतली रोटरी तीही नव्हे.

ही फेलिक्स वांकेल या जर्मन माणसाची. दोन दाण्यांची भुईमुगाची शेंग डोळ्यांपुढे आणा. तिच्या पोकळीत एक फुगीर समोसा बसवा आणि त्याची तिन्ही टोकं सतत शेंगेच्या भिंतीला घासत राहतील अशा बेताने तो फिरवा. समोशाच्या तीन बाजू आणि भिंत यांच्यामधल्या फटींतच पेट्रोल आत येतं, दाबलं जातं, पेटतं आणि धूर होऊन बाहेर पडतं. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, ठकठक नाही. १९५७ साली एनएसयू या कंपनीत असं पहिलं इंजिन फिरलं. वांकेल यांची नजर फार अधू होती आणि त्यांनी आयुष्यात कधी गाडी चालवण्याचा परवाना काढला नाही म्हणतात. स्वतःला चालवता येणार नाही अशा गाडीचं इंजिन त्यांनी जगाला दिलं. पुढे एनएसयूच्या रो-८० या देखण्या गाडीच्या मालकांबद्दल एक दंतकथाच झाली. रस्त्यात समोरून दुसरी रो-८० आली की ते हात हलवत नसत, बोटं दाखवत. आत्तापर्यंत किती इंजिनं बदलली तितकी बोटं.

शेंगेच्या भिंतीला घासणाऱ्या त्या तीन टोकांवरच्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, हेच दुखणं होतं. हिरोशिमाच्या माझदा कंपनीत केनिची यामामोतो यांना हे इंजिन टिकाऊ करण्याचं काम मिळालं. त्यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअर होते आणि जपानी इतिहासात गाजलेल्या ४७ रोनिन सामुरायांवरून त्यांना तेच नाव पडलं. भिंतीवर उमटणाऱ्या ओरखड्यांना ते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. नखं कापायला त्यांना काही वर्षं लागली. १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट ही गाडी रस्त्यावर आली आणि पुढे माझदाचं १३बी हे दोन समोशांचं इंजिन इतकं पसरलं की अमेरिकेतल्या भंगारवाल्यांकडेही मिळू लागलं. गॅरेजात विमान बांधणाऱ्याला आणखी काय हवं? १३०८ सीसीचं, दोन्ही हातांत कवटाळता येईल एवढं इंजिन, आणि त्यात हलणारे मुख्य भाग फक्त तीन: दोन समोसे, म्हणजे रोटर, आणि एक शाफ्ट.

हे ‘फक्त तीन’ रोटरीवाला समोरच्याला पहिल्या तीन मिनिटांत ऐकवतो. गिअरबॉक्स, पाण्याचा पंप, रेडिएटर, ऑइल कूलर, दोन पेट्रोल पंप, दोन कॉम्प्युटर आणि एका माणसाच्या उंचीचा वायरींचा गुंता यांची गणती तो करत नाही. घरात माणसं तीनच, असं सांगणाऱ्याने पाहुणे मोजलेले नसतात, त्यातलाच हा प्रकार.

शेजारच्या हँगरमधल्या माणसाकडे मात्र लायकमिंग कंपनीचं इंजिन असतं. चार सिलिंडरांचं, हवेवर थंड होणारं, गेली कित्येक दशकं फारसं न बदललेलं. त्याच्याकडे एक पुस्तकही असतं, आणि त्या पुस्तकात पंचांगासारखं सगळं छापलेलं असतं. फेरे मिनिटाला २७०० च्या वर नेऊ नयेत. सिलिंडरच्या डोक्याचं तापमान ५०० फॅरनहाइटच्या, म्हणजे २६० सेल्सियसच्या वर जाऊ नये. ऑइल २४५ फॅरनहाइटच्या पुढे नको. कार्ब्युरेटर असेल तर पेट्रोलचा दाब अर्धा ते आठ पौंड. हा गृहस्थ चहा पीत पीत हे आकडे यंत्रात भरतो आणि विमान घेऊन न्याहारीला दुसऱ्या गावी निघून जातो.

रोटरीवाल्याचं पुस्तक कुठे आहे? माझदाने हे इंजिन मोटारीसाठी बनवलं. ते कुणीतरी पंख्याला जोडून ढगात नेईल आणि तासन्‌तास सत्तर-ऐंशी टक्के ताकदीने चालवेल, असा काही माझदाचा बेत नव्हता. मोटारीच्या मीटरवरून अंदाज बांधावा, तर मोटारीचे मीटर म्हणजे घरातली भांडणं पाहुण्यांना कळू न देणाऱ्या माणसांसारखे. माझदाच्या १९९० च्या दशकातल्या आरएक्स-७ गाडीत पाण्याच्या तापमानाचा काटा मुद्दामच असा बसवलेला होता, की पाणी बरंच तापलं तरी तो मधोमध उभा. मालकाला घोर नको! काटा हलला तेव्हा समजायचं की आता उशीर झाला. आरएक्स-८ च्या ऑइलच्या दाबाच्या काट्यामागे तर दाब मोजणारं काही नव्हतंच, नुसता एक स्विच होता. दाब आहे की नाही एवढंच त्याला कळे. आहे म्हटलं की काटा सुखाने मध्यावर. ही परंपरा मागे घेऊन आलेलं इंजिन आता आपल्या सगळ्या मर्यादा खऱ्याखुऱ्या आकड्यांत सांगा म्हणून उभं केलेलं असतं.

आणि पडद्याने आधीच सगळ्या चौकटी लायकमिंगच्या मापाने आखून ठेवलेल्या असतात. तो पहिलाच प्रश्न विचारतो: सिलिंडर किती?

शून्य, हे खरं उत्तर. पण शून्य सिलिंडरांच्या इंजिनाचे फेरे कसे मोजायचे हे यंत्राला उमगत नाही. मग हिशेब मांडावा लागतो. १३बी मध्ये शाफ्टच्या एका फेऱ्याला दोन ठिणग्यांचे धक्के बसतात, दर रोटरमागे एक. चार सिलिंडरांच्या साध्या मोटारीतही एका फेऱ्याला दोनच. म्हणून ‘चार’ असं लिहायचं. सिलिंडर नसलेल्या इंजिनाला चार सिलिंडर बहाल केले की काटा सरळ येतो. वायर कुठल्या कॉइलवरून घेतली यावर हेही बदलतं, आणि चुकलं की इंजिन ३००० वर घुटमळत असताना पडदा ६००० दाखवतो. उलटं झालं तर जास्त वाईट, कारण तेव्हा पडदा खूश असतो आणि इंजिन नाही.

बरं, आकडा बरोबर आला तरी तो कशाचा? शाफ्ट ६००० ने फिरत असतो. रोटर त्याच्या एक तृतीयांश वेगाने, म्हणजे २००० ने. आणि २.८५ च्या गिअरबॉक्सपलीकडे पंखा २१०० च्या आसपास. ‘किती फेरे?’ या एका प्रश्नाला तीन उत्तरं, तिन्ही खरी. शेजारी बसलेला लायकमिंगवाला मित्र पडद्यावर सहा हजार पाहून दाराची कडी चाचपायला लागतो. त्याच्या आयुष्यात लाल रेघ २७०० ला असते आणि तिच्या दुप्पटीच्या पुढे जे असतं त्याला तो स्फोट म्हणतो. रोटरीवाला त्याला समजावतो की अरे, रोटर बिचारा दोनच हजारांनी फिरतोय. मित्राचा त्यावर विश्वास बसल्याचं दिसत नाही.

खरं म्हणजे फेऱ्यांची भीती या इंजिनाला फारशी नाही. उलट ते इतकं गुळगुळीत फिरतं की चालवणाऱ्याला कळतच नाही. म्हणून तर माझदाला आरएक्स-७ मध्ये लाल रेघेपाशी वाजणारा भोंगा बसवावा लागला. साधं इंजिन दमलं की कुरकुरतं, हादरतं, रडतं. हे गात गात मर्यादा ओलांडतं. विमानात तर पंखाच लगाम घालतो, त्यामुळे फेऱ्यांचा लाल दिवा पाऊण मिनिटात ठरवून रोटरीवाला पुढे सरकतो आणि पेट्रोलच्या दाबापाशी अडकतो. पडद्याचा समज की आठ पौंड म्हणजे फार झालं. इथे इंजेक्शन असल्यामुळे दाब चाळीसच्या घरात. यंत्र पुन्हा कोकलतं. सिलिंडरच्या डोक्याचं तापमान? डोकंच नाही. तो रकाना बंद केला नाही, तर चार गारठलेल्या सिलिंडरांबद्दल यंत्र दिवसभर काळजी करत बसतं.

मग येतो धूर.

रोटरीच्या धुराचा उष्मा हा लायकमिंगवाल्यांच्या जगात भुताखेतांचा विषय आहे. त्यांना धुराच्या नळीत १३००-१४०० फॅरनहाइट बघायची सवय असते. टर्बो असलेल्या काही इंजिनांत टर्बाइनच्या तोंडाशी १६५० ही सरकारमान्य लक्ष्मणरेषा. आणि रोटरी? साध्या सरळ उड्डाणात १६००-१७०० आणि त्याचं तिला काही वाटत नाही. ९०० सेल्सियस म्हणा. गंमत अशी की रोटरभोवतीची ती शेंग अॅल्युमिनियमची असते, आणि अॅल्युमिनियम ६६० ला वितळतं. पलीकडे पाणी खेळतं ठेवलेलं असतं म्हणून घर उभं राहतं. कारण काय? शेंगेतली जागा लांबट आणि चपटी, तिच्या टोकापर्यंत ज्योत पोचायला वेळ लागतो आणि पेट्रोलचं उरलंसुरलं जळणं दाराबाहेर, नळीत जाऊन होतं. आत जेवण उरकत नाही म्हणून वाटेत खात खात निघालेल्या पाहुण्यासारखं.

पण यात जळण्यासारखा व्हॉल्व्हच नाही! लायकमिंगमध्ये धुराचा उष्मा वाढला की व्हॉल्व्हच्या काळजीने पोटात गोळा येतो. रोटरीत नुसती उघडी खिडकी. मग १७०० ला लाल दिवा का लावायचा? इंजिनासाठी नव्हे, नळीसाठी. साध्या पोलादाची सायलेन्सरची नळी या उष्म्यापुढे आणि आवाजाच्या माऱ्यापुढे बिस्किटासारखी होते. आतल्या जाळ्या सुटून मागून उडून गेल्याच्या हकिगती रोटरीवाल्यांत पुष्कळ ऐकू येतात. म्हणून शहाणी माणसं इन्कोनेलसारखे महागडे मिश्रधातू वापरतात. शिवाय उष्मा मोजणारी तारच या भट्टीत जळून जाते. तार जळाली की पडदा काहीतरी भलतंच दाखवतो आणि लाल दिवा लागतो. म्हणजे तो दिवा पुष्कळदा धूर तापल्याचा नसतोच, तापमान मोजणारा गेल्याचा असतो. घरोघरच्या आजारपणातही ताप मोजणाराच आधी आडवा होतो.

धुरापेक्षा खरी धास्ती पाण्याची. लोखंडी तबकड्या आणि अॅल्युमिनियमच्या शेंगा यांचं हे सँडविच लांबलचक बोल्टांनी आवळलेलं असतं आणि त्यांच्या सांध्यांत रबरी कड्या असतात. एकदा पाणी मनसोक्त तापलं की त्या कड्या कायमच्या रुसतात. म्हणून रोटरीवाला पाण्यावर सासुरवाडीला आलेल्या जावयासारखं लक्ष ठेवतो. १८० फॅरनहाइट, म्हणजे ८२ सेल्सियस: आनंद. २०० ला पिवळा दिवा. २२० ला, म्हणजे १०४ ला, लाल. शंभरावर पाणी उकळत कसं नाही? कारण रेडिएटरवर १३ ते १६ पौंडांचं झाकण असतं. आपल्या कुकरची शिट्टीही साधारण एवढ्याच दाबाला होते, त्यामुळे मराठी घरातल्या कुणालाही हे तत्त्व शिकवावं लागत नाही. फरक एवढाच की झाकण बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब धरतं, आणि दहा हजार फुटांवर बाहेरची हवाच विरळ. जमिनीवर जो आकडा सुखाचा वाटला तो वर गेल्यावर उकळीच्या जवळ सरकलेला असतो. आकडा तोच, अर्थ वेगळा. ही रेडिएटरंही कशी, तर अनेक विमानांत ती मोटारीच्या एसीतले थंड हवेचे गाभे असतात. कुणाला तरी आतून गार वाटावं म्हणून केलेली वस्तू इथे उलटी नोकरी करत असते.

आणि मग या साऱ्या प्रकरणातली सर्वांत बेरकी गोष्ट. होज फुटून पाणी निघून गेलं, तर तापमानाचा काटा कुठे जायला हवा? वर. तो पुष्कळदा जातो खाली, किंवा तिथेच राहतो. कारण सेन्सर आता पाण्यात नसतो, हवेत लोंबकळत असतो; आणि हवा त्याला पाण्याइतकी तापवत नाही. इंजिन आत भाजून निघतंय आणि पडद्यावर हिरवाई. विहीर आटल्यावर पोहरा कोरडा येतो हे बरं. इथे पोहरा सांगतो की पाणी छान गार आहे. यावर रोटरीवाल्यांनी काढलेला तोडगा म्हणजे पाण्याचं तापमान तर मोजायचंच, शिवाय दाबही मोजायचा. तापलेल्या, बंदिस्त पाण्याचा दाब असतोच. तो पडला की तापमान काहीही सांगो, लाल दिवा. आजवर ज्याला कुणी विचारत नव्हतं असा हा दाबाचा साधा आकडा मग सर्वांत वर, ठळक अक्षरांत जाऊन बसतो.

ऑइलचं प्रकरण त्याहून गुंतागुंतीचं, आणि भांडणाला त्याहून सोयीचं. रोटर आतून ऑइलनेच थंड होतात. पाणी आणि ऑइल मिळून जो उष्मा वाहून नेतात, त्यातला साधारण तिसरा हिस्सा ऑइलच्या वाट्याला येतो. त्यामुळे लायकमिंगला २४५ फॅरनहाइटपर्यंत चालतं, पण रोटरीवाले २१० च्या पुढे अस्वस्थ होतात. इथपर्यंत एकमत. पण २१० कुठे? कूलरमध्ये जायच्या आधी की कूलरमधून आल्यानंतर? चेंबरमध्ये की बेअरिंगच्या दाराशी? एकच ऑइल एकाच क्षणी या दोन जागी वेगवेगळं तापलेलं असतं, आणि दोन रोटरीवाले २१० वर तावातावाने भांडत असतात तेव्हा एकाचा सेन्सर आधीच्या जागी, दुसऱ्याचा नंतरच्या. चहा गरम आहे की नाही हे पातेल्यातला विचारायचं की बशीतला? पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्याचा सोपस्कारही इथे आहेच, कारण त्या तीन टोकांच्या पट्ट्यांना वंगण लागतं. माझदाने त्यासाठी छोटा पंप दिला होता. अनेक विमानवाले तो काढून टाकतात आणि टाकीतच टू-टी ऑइल ओततात. पंपावर ‘टू-टी टाका’ म्हणून जुन्या स्कूटरला धार लावलेल्या पिढीला यात आपलं कुणीतरी भेटल्यासारखं वाटेल.

तापण्याबद्दल बोलताना १९९१ सालच्या ल मान्स शर्यतीची आठवण न काढणं पाप ठरेल. माझदाची ७८७बी, चार रोटरांची, चोवीस तास किंचाळत धावली आणि पहिली आली. इंजिन ठणठणीत. शेवटच्या टप्प्यात गाडी हाकणारा जॉनी हर्बर्ट मात्र पाणी कमी पडून इतका गळाला की त्याला उचलून नेलं, आणि आपल्याच बक्षीस समारंभाला तो व्यासपीठावर नव्हता. इंजिनाला मीटर होते. हर्बर्टला नव्हता.

आता उरतो तो आकडा ज्याच्याकडे लायकमिंगवाला ढुंकूनही पाहत नाही: व्होल्ट. लायकमिंगला मॅग्नेटो असतात. ते आपापल्या ठिणग्या स्वतः पाडतात, बॅटरी मेली तरी इंजिन चालूच. रोटरीत चार स्पार्क प्लग, पेट्रोलचे पंप, इंजेक्टर आणि त्या सर्वांचा कारभार बघणारा कॉम्प्युटर, सारे एकाच चुलीवर जेवतात. अल्टरनेटर बंद पडला की बॅटरीत जेवढं उरलं तेवढंच उड्डाण उरलं. इंजिन त्यावर एक शब्द बोलत नाही, शेवटच्या क्षणापर्यंत तसंच गुळगुळीत गात राहतं. म्हणून सव्वाचौदा व्होल्टचा आकडा तेराखाली घसरला की लाल दिवा लागायलाच हवा, आणि तो धुराच्या, फेऱ्यांच्या गोंगाटात हरवता कामा नये. नेमका हाच दिवा पहिल्या आठवड्यात लोक बंद करतात. कारण इंजिन मंद चालत असताना, जमिनीवरून धावपट्टीकडे जाताना तो सारखा लुकलुकतो आणि जीव खातो.

हे जीव खाणं थट्टेवारी नेण्यासारखं नाही. ४ नोव्हेंबर २०१० रोजी सिंगापूरहून सिडनीला निघालेल्या क्वांटासच्या ए-३८० विमानाचं एक इंजिन हवेत फुटलं, आणि पडद्यावर बिघाडांच्या सूचनांची रांग लागली. एक वाचून होईतो पुढच्या हजर. ती यादी निस्तरायला वैमानिकांना पाऊण तासाहून जास्त वेळ लागला. योगायोगाने त्या दिवशी कॉकपिटमध्ये पाच वैमानिक होते, आणि विमानातली ४६९ माणसं सुखरूप उतरली. गॅरेजवाल्याच्या कॉकपिटमध्ये दीड माणूस असतो. तो स्वतः, आणि दाराची कडी धरून बसलेला मित्र.

माणसाने बोलून सांगावं, तर तोही उपाय झालेला आहे. अमेरिकी एफ-१५ लढाऊ विमानात किम क्रो नावाच्या बाईंच्या आवाजात सूचना भरल्या. आरडाओरड्यात बाईचा आवाज वेगळा ऐकू येईल, हा हिशेब. वैमानिकांनी अशा आवाजांना बेटी हे नाव ठेवलं आणि त्याआधी जे विशेषण लावलं ते दिवाळी अंकातही छापता येणार नाही. आपल्याकडच्या इमारतींत हेच काम लिफ्टमधल्या बाई करतात. ‘कृपया दरवाजा बंद करा’ हे त्या इतक्या वर्षांपासून सांगताहेत की सोसायटीत तो आवाज आता कुणालाच ऐकू येत नाही. दरवाजा कुणी उघडा टाकला तर वॉचमन खालून ओरडतो, तेव्हा लोक धावतात. सीटबेल्टचा भोंगा गप्प करायला नुसत्या पट्ट्याचं टोक विकत मिळतं आणि लोक ते पैसे मोजून आणतात. म्हणजे इशारा थांबवायचा खर्च करायची तयारी, पट्टा ओढायची नाही.

रोटरीवालाही आधी याच वाटेने जातो. पहिल्या दिवशी भीतीपोटी सगळे आकडे कडक: पाणी १९० ला लाल, ऑइल १९५ ला, धूर १६०० ला. धावपट्टीवर पोचेपर्यंत सारा पडदा कुंकवाचा सडा. मग वैतागून सगळे ढिले: पाणी २४०, ऑइल २५०, धूर काय वाटेल तो. आता शांतता. इतकी की इंजिनाने राजीनामा दिला तरी पडदा सुट्टीवर. त्यात सीमेवरचे आकडे वेगळा छळ मांडतात. मर्यादा २०० आणि पाणी १९९.८, २००.१, १९९.९. दिवा लागतो, विझतो, लागतो. यंत्र बनवणाऱ्यांनी यावर सोय ठेवली आहे, दिवा लागायचा आकडा एक आणि विझायचा जरा खालचा. पण ती सोय सेटिंगच्या चौथ्या पानावर असते आणि चौथ्या पानापर्यंत जाण्याआधी माणूस जेवायला जातो.

या गोंधळातून वाट काढून देतात ते चाळीस तास. अमेरिकी नियमांनुसार प्रमाणपत्र नसलेलं इंजिन बसवलं तर साधारण ४० तास एका ठरावीक टापूत, सोबत पाहुणा न घेता, उडून दाखवावं लागतं. प्रमाणित इंजिनाच्या शेजाऱ्याचं २५ वर भागतं. हे पंधरा तास जास्तीचे म्हणजे शिक्षा, असं रोटरीवाल्याला आधी वाटतं. मग तो मांडीवरच्या पॅडवर आकडे टिपायला लागतो. चढताना पाणी किती, ऑइल किती, सरळ जाताना किती, सकाळी किती, भर उन्हात किती. विसाव्या तासाच्या सुमारास त्याच्या लक्षात येतं की त्याचं पाणी चढताना नेहमी १९२ ला जाऊन टेकतं आणि वर पोचताच १७८ ला येतं. नेहमी. मग लाल रेघ २२० ला ठेवण्यात काय हशील? एखाद्या दिवशी पाणी सरळ उड्डाणात १९५ दाखवायला लागलं, तर पुस्तकाच्या हिशेबाने सगळं आलबेल; पण काल १७८ होतं, मग आज काय झालं? रेडिएटरच्या तोंडाशी गवत अडकलं, की पंपाचा पट्टा सैल झाला? तो पिवळी रेघ १८८ ला आणून ठेवतो, आणि चढताना ती लागणारच म्हणून तेवढ्यापुरतं दुर्लक्ष करायला शिकतो. इंजिन कुठे मोडेल याचा आकडा त्याला कुणी दिलेला नसतो, आणि तो शोधायची त्याची इच्छाही नसते. नेहमीपेक्षा वेगळं कधी होतंय, एवढंच त्याला विचारायचं असतं. दूधवाला दहा मिनिटं उशिरा आला तर चाळीतल्या काकूंना लगेच कळतं, तसं.

शेजारच्या हँगरमधला लायकमिंगवाला येऊन पडदा पाहतो. एवढे सगळे आकडे तू स्वतः ठरवलेस? हो. पुस्तकाशिवाय? हो. तो काही बोलत नाही. पण परत गेल्यावर तो आपल्या विमानात बसून बराच वेळ सेटिंगची पानं चाळताना दिसतो, कारण आपलं ऑइल रोज किती असतं हे त्याला सांगता आलेलं नसतं.

एकेचाळिसाव्या तासाला रोटरीवाला पहिल्यांदा मित्राला घेऊन वर जातो. पाणी १७८, ऑइल १८५, धूर १६४०, व्होल्ट १४.२, फेरे ५८००. सगळं हिरवं. दहा मिनिटं हिरवं. वीस मिनिटं हिरवं. मित्राने एव्हाना दाराची कडी सोडलेली असते. रोटरीवाला मात्र अस्वस्थ होतो. एवढा वेळ गप्प? दिवा जळाला तर नाही? वायर सुटली असेल? न राहवून तो सेटिंगमध्ये शिरतो आणि व्होल्टची लाल रेघ तेरावरून चौदा पॉइंट पाचवर नेतो. क्षणात पडदा लाल होतो, हेडफोनमध्ये भोंगा वाजतो आणि रोटरीवाल्याच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू येतं. मित्राचा हात पुन्हा कडीवर गेलेला असतो. त्याला समजावण्याच्या भरात रेघ परत तेरावर आणायची राहून जाते, आणि घरापर्यंतचं सारं उड्डाण दोघं जण त्या भोंग्याच्या सोबतीने करतात.